आवाज करणाऱ्याचाच कान आधी जातो

श्रावण संपत आला की पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका लागतात. मंडळांचे अध्यक्ष येतात, चहा-बिस्किटं होतात, साहेब नियम वाचून दाखवतात: रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, डेसिबलची मर्यादा पाळा, डीजे आणलात तर जप्त करू. माना हलतात. विसर्जनाच्या रात्री जे व्हायचं ते होतं. मग पेपरात एकीकडे ज्येष्ठ नागरिकांचं पत्र आणि दुसरीकडे ‘आमच्याच सणांवर बंधनं का’ हा सवाल. रत्नागिरी असो, चिपळूण असो की कणकवली, हा प्रयोग आता दशावतारासारखा सगळ्यांना पाठ झालाय. त्यातला संकासुर, म्हणजे खलनायक, कोण, एवढ्यावरच काय तो वाद.

या बैठकांवर माझा राग नाही. पण या सगळ्या भांडणात आवाज म्हणजे शेजाऱ्याला होणारा त्रास, एवढंच धरलं जातं. ज्याच्या कानाला कायमची इजा होते तो माणूस बैठकीला नसतो, पेपरात पत्र लिहीत नाही, आणि पुष्कळदा आवाज करणारा तोच असतो. पालखीपुढे ताशा बडवणारा पोरगा, कलमांच्या बागेत दिवसभर ग्रास कटर फिरवणारा गडी, चिरेखाणीवर (जांभ्या दगडाच्या खाणीवर) मशीन चालवणारा कामगार, मासेमारीच्या लाँचवर इंजिनाशेजारी झोपणारा ड्रायव्हर. कोकणात कानांबद्दल जनजागृती करायची असेल तर ती या लोकांपासून सुरू करावी. ‘आवाज बंद कर’ हे सांगणारे खूप आहेत. ‘तुझा कान जातोय’ हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आधी कानात होतं काय ते पाहू. कॉक्लिया नावाच्या शंखाकृती नळीत जन्मतः प्रत्येक कानात साधारण १५ ते १६ हजार केसपेशी असतात. हवेतली थरथर विजेच्या संदेशात बदलून मेंदूकडे पाठवायचं काम त्यांचं. मोठ्या आवाजात त्या आधी दमतात. मिरवणुकीहून घरी आल्यावर कान बधिर होतात, आत बारीक शिट्टी वाजत राहते, आणि सकाळपर्यंत उतरते. माणूस म्हणतो, झालं बरं. पण दर वेळी सगळं बरं होतंच असं नाही. काही पेशी, आणि त्यांना मेंदूशी जोडणारी नसांची टोकं, कायमची जातात. माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, सूज नाही. शरीराचा एवढा नाजूक भाग इतक्या गुपचूप क्वचितच मोडत असेल. हे नवं ज्ञानही नव्हे: भांडी ठोकणाऱ्या तांबटांचे कान जातात, हे रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

पहिला घाव पडतो तो ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे उंच पट्टीतल्या बारीक आवाजांच्या ऐकण्यावर. त्यामुळे सुरुवातीला बहिरेपणा वाटतच नाही. ट्रकचा हॉर्न येतो, समुद्राची गाज येते, बाप्यांचे जाड आवाज येतात. जातात ती स, श, फ, ट, थ अशी बारीक व्यंजनं, बायकामुलांची बोलणी, रात्रीचे रातकिडे. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. लिलावात सात म्हटलं की साठ हे समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं. घरात मात्र याचा वेगळाच अर्थ लावला जातो. ‘किती साद घालूची? आयकाक येना काय?’ असं बायको वैतागून म्हणते, आणि नवऱ्याचं लक्ष नाही, त्याला कामं टाळायची आहेत, अशी सगळ्यांची खात्री होते. चाळिशीतल्या माणसाचा कान गेला असेल हे कुणाच्या मनात येत नाही. पुढे साठीला स्पष्टच कळू लागलं की ‘वय झालं’ म्हणून फाईल बंद.

आता ग्रास कटरकडे या. कोकणात गेल्या काही वर्षांत जेवढा आवाज वाढला त्यात डीजेपेक्षा या यंत्राचा वाटा मोठा असेल, असं माझं मत आहे; त्याविरुद्ध कधी कुणी मोर्चा काढला नाही इतकंच. पावसाळा सरला की बागा बेणायच्या असतात. पूर्वी कोयत्याने दहा गडी जे काम करत ते आता दोघं करतात. इंजिन पट्ट्याने खांद्याला किंवा सरळ पाठीवर, कानापासून हाताच्या अंतरावर. चालवणाऱ्याच्या कानाशी अशा यंत्राचा आवाज सहज ९४ ते ९७ डेसिबल असतो. यंत्राच्या दांड्याला एक स्टिकर असतो, त्यावर एका माणसाच्या डोक्याचं चित्र. डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ (दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्या). ते चित्र रोज डोळ्यांसमोर नाचत असतं, आणि त्याच दांड्यामागचा माणूस कानाला गमछा गुंडाळून काम करतो, तोही डास आणि गवताची कुसं लागू नयेत म्हणून. दुकानदार यंत्राबरोबर चष्मा देतो, कारण दगड उडून डोळा गेलेला माणूस पंचक्रोशीत एखादा तरी असतो. कान गेलेले त्याहून जास्त असतील, पण ते बघून ओळखता येत नाहीत.

इथे थोडं गणित करावं लागेल, कारण सगळं त्यावर आहे. जगभरच्या व्यावसायिक आरोग्याच्या शिफारशींमध्ये ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही हद्द धरतात. डेसिबल ही सरळ पट्टी नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून चालणारा वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. आता ९७ डेसिबलचं यंत्र सहा तास चालवणारा गडी एका दिवसात बारा दिवसांचा आवाज घेतो. हे त्याला जाणवत नाही, कारण आपल्या कानाला ३ डेसिबलचा फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे कान स्वतःच्या नुकसानीचा खराब साक्षीदार आहे. मीटर नसेल तर एक सोपी खूण आहे: हातभर अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज कानाला अपायकारक आहे. ही खूण शाळेतल्या पोराला कळते, गड्यालाही कळते. जनजागृतीच्या सगळ्या पत्रकांपेक्षा मी ती आधी शिकवीन.

आणि आपला कायदा? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्राला ५० आणि ४० अशी मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री १२ची सवलत देता येते. हे आकडे झोप, अभ्यास, आजारी माणसाची शांतता यांच्यासाठी आहेत आणि ते चांगले आहेत. पण कान जाण्याचा आकडा त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. याचा परिणाम विचित्र होतो. वाडीतल्या देवळात अकरा वाजेपर्यंत स्पीकर लावून भजन चाललं तर नियम मोडतो, पण कुणाचा कान जात नाही. सकाळी दहाला बागेत ग्रास कटर चालतो तेव्हा नियमाची आठवण कुणालाच होत नाही, आणि कान जातो. आपण दोन प्रश्न एकाच पोत्यात घातलेत आणि त्यातला एकच बाहेर काढून भांडतोय.

कामाच्या जागेचा विचार कायद्याने केलाच नाही असंही नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आवाजामुळे येणारा बहिरेपणा कळवण्यायोग्य आजारांच्या यादीत घातला. लोट्याच्या किंवा महाडच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात इयरप्लगचा (कानात घालायच्या बुचांचा) डबा दारातच दिसतो तो त्यामुळे. पण कोकणातली बरीचशी मेहनत कारखान्याच्या कुंपणाबाहेर होते. १९५२च्या खाण कायद्याने बांधकामाच्या दगडाला आणि जांभ्याला नाव घेऊन वेगळं काढलं: उघडी खाण सहा मीटरहून खोल नाही, माणसं पन्नासच्या आत, सुरुंग नाही, तर बहुतेक तरतुदी लागू नव्हत्या. (सहा मीटरच्या आत थांबलेल्या चिरेखाणी किती, हा ज्याने त्याने काठावर उभं राहून पाहण्याचा विषय.) खाणीत चक्राच्या मशीनने जांभा कापतात तेव्हा लाल धुरळ्याने माणूस ओळखू येत नाही. धुरळ्यासाठी तो तोंडाला फडकं तरी बांधतो. कानासाठी काहीच नाही. खाणीच्या भिंती तिन्ही बाजूंनी उभ्या, त्यामुळे आवाज बाहेर न जाता परत त्याच्यावरच येतो. हे कामगार पुष्कळदा परमुलखातले. कान घालवून ते गावी परत जातात, आणि ते नुकसान कोकणाच्या कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

मच्छीमारीची गोष्ट याहून अवघड आहे. ‘आमच्या आजोबांना कधी काही झालं नाही’ असं बंदरावर हमखास ऐकायला मिळतं. खरंच आहे. आजोबा शिडावर आणि वल्ह्यांवर जात. डिझेल इंजिनाची लाँच आठवडाभर समुद्रात असते तेव्हा खलाशी त्याच आवाजात काम करतो, त्याच आवाजात जेवतो आणि त्याच आवाजात झोपतो. दमलेल्या कानाला सावरायला शांततेचे काही तास लागतात. कारखान्यातला कामगार संध्याकाळी घरी जाऊन ते मिळवतो. इंजिनावरच्या ड्रायव्हरला ते बंदराला लागेपर्यंत मिळतच नाहीत. त्यामुळे जमिनीवरचा आठ तासांचा हिशेब बोटीवर लावला तर तो चुकतो, आणि चुकतो तो खलाशाच्या तोट्याकडे.

बागेत वानर-माकडं पळवायला जे बार काढतात त्याबद्दल थोडंच लिहितो, पण ते गंभीर आहे. कार्बाइडच्या पाइपबंदुकीचा किंवा सुतळी बॉम्बचा आवाज क्षणभराचा असतो. तिथे तासांचं गणित चालत नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच धक्का केसपेशी जागच्या जागी फाडू शकतो. असा बार जवळ फुटून कानात शिट्टी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानात कोमट खोबरेल सोडत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं. अशा इजेत उपचाराचा काही उपयोग झालाच तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

आता सणांकडे येतो, कारण त्यांना टाळून हा विषय संपत नाही. ‘वर्षातून चार दिवस वाजवलं तर काय बिघडतं’ हा युक्तिवाद ऐकणाऱ्यापुरता अर्धा तरी खरा आहे. वाजवणाऱ्यापुरता तो साफ खोटा आहे. शिमग्याला पालखी घरोघर फिरते तेव्हा ढोल थांबत-थांबत, अंगणात, मोकळ्यावर वाजतो. खालूबाजाची, म्हणजे गावच्या ढोल-सनईच्या वाजपाची, हीच रीत होती. पण आता शहरांच्या धर्तीवर ढोल-ताशा पथकं आपल्याकडेही उभी राहिली आहेत. मुलं-मुली उत्साहाने येतात, शिस्त शिकतात, मला त्यांचं कौतुक आहे. पण पथकाचा सराव गणपतीआधी आठवडेच्या आठवडे चालतो, रोज संध्याकाळी, पुष्कळदा पावसामुळे पत्र्याच्या शेडखाली. ताशाचा आवाज नेमका त्या उंच पट्टीत, जिथे कान सगळ्यात हळवा. ताशेवाल्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे चार दिवस नसतात, त्याचे दोन महिने असतात. डीजेच्या ऑपरेटरचं तर वर्ष असतं: लग्नं, हळदी, वाढदिवस, जयंत्या, गणपती, नवरात्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती १५ मिनिटांच्या सरासरीत १०० डेसिबल, आणि त्यासोबत श्रोत्यांना कानाचं संरक्षण आणि शांत कोपरा उपलब्ध करून द्यायची अट. आपल्या मिरवणुकीत शांत कोपरा म्हणजे बहुधा विहिरीपलीकडचा गोठा.

काही जण म्हणतील, कायदा कडक करा, तक्रारी करा, मशीन जप्त करा. सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २००५चा निकाल आहे, मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तपशीलवार आदेश दिलेत. त्यांची अंमलबजावणी व्हायलाच हवी. त्यात सूट द्यावी असं मी सुचवत नाही. पण कोकणातल्या वाडीचा स्वभाव ध्यानात घ्या. तक्रार करणारा आणि डीजे लावणारा एकाच भावकीतले, एकाच देवळाचे, पुढच्या आठवड्यात एकाच तिरडीला खांदा देणारे. फोन कुणी केला हे सकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तक्रारीवर चालणारा कायदा शहरात अनोळखीपणाच्या आधाराने थोडाफार चालतो. इथे तो आधारच नाही. म्हणून शेजाऱ्याच्या वतीने भांडण्याऐवजी वाजवणाऱ्याच्या स्वार्थाला हात घालावा, हे मला जास्त व्यवहार्य वाटतं. ‘तुझ्या आवाजाने आजीला त्रास होतो’ म्हटलं की पोरगा चिडतो. ‘तुला तिशीत फोनवर पोरीचं बोलणं लागणार नाही’ म्हटलं की निदान थांबून ऐकतो.

आज जनजागृती म्हणून जे चालतं ते काय? ३ मार्चला जागतिक श्रवण दिन. शाळेत निबंध, चित्रकला, प्रभातफेरी. एखाद्या गावात रिक्षावर भोंगा लावून श्रवणसंरक्षणाचा संदेश फिरवतानाही दिसतो, आणि संयोजकांना त्यात काही वावगं वाटत नाही. निबंध लिहिणारी मुलं घरी जातात आणि त्यांचे वडील बागेत मशीन चालवत असतात. संदेश योग्य घरात पोचतो खरा, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या तोंडून.

तो योग्य काउंटरवर पोचवता येईल. ग्रास कटरवर सरकार कृषी यांत्रिकीकरणातून अनुदान देतं. त्याच अनुदानात कानाचा मफ सक्तीने घालावा. यंत्राच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात यंत्रं चालवायची प्रशिक्षणं होतात, तिथे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याने स्वतः मफ घातल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. मुंबईच्या ज्या ग्रामस्थ मंडळांच्या पैशातून साउंड सिस्टीम येते, त्यांनी पथकासाठी इयरप्लगची पाकिटंही धाडावीत. दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. बंदरावर मच्छीमार सोसायटीचा डिझेल पंप हीच खरी चावडी, कारण तिथे प्रत्येक बोट येतेच. आणि कानाची तपासणी करायची तर जून-जुलैच्या बंदीनंतर, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला करावी. त्या वेळी खलाशी परत आलेले असतात आणि त्यांचे कान दोन महिने इंजिनापासून लांब राहिलेले असतात. ऑडिओग्रामला (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाला) दमलेला कान नको असतो, अमेरिकेत तर पायाभूत तपासणीआधी १४ तास आवाजापासून दूर राहायचा नियमच आहे. बंदीनंतर जो खड्डा आलेखात दिसेल तो तात्पुरता म्हणून झटकता येणार नाही.

तपासणीचा आग्रह दुसऱ्याही कारणासाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी ऐकू येणं म्हणजे दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास. आवाजाने गेलेला कान या रेषेपर्यंत पोचायला अर्धं आयुष्य जातं, पुष्कळ जण पोचतच नाहीत. तोवर माणूस ना धड ऐकू येणारा, ना कागदावर दिव्यांग. ऐकण्याचं यंत्र त्याला आवाज मोठा करून देतं, मेलेल्या पेशींचं काम करत नाही. म्हणून किती तरी यंत्रं कपाटात पडून असतात. या रोगावर औषध नाही हे एकदा नीट समजलं की दहा रुपयांच्या प्लगकडे बघायची नजर बदलते.

प्लग घालायचा कसा, हे मात्र दाखवावंच लागतं. पोरं कापसाचे बोळे घालतात. कापूस नावापुरताच आवाज अडवतो. फोमचा प्लगही बाहेरच्या बाहेर टेकवला तर तेवढाच निरुपयोगी. आधी हात धुवायचे. मग प्लग दोन बोटांत वळून सुरकुती न पडता काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो. समोरून बघितलं तर तो जवळजवळ दिसत नाही. दिसत असेल तर पुन्हा घालायचा. पथकातल्या मुलांना हे पाच मिनिटांत जमतं, आणि ताल चुकत नाही, उलट शेजारच्याचा ठोका जास्त साफ येतो असं मुलंच सांगतात.

बोटीवर एक खबरदारी वेगळी. इंजिनाच्या केबिनमध्ये मफ घालावा, डेकवर नको. तिथे तांडेलची (बोटीच्या म्होरक्याची) हाक, दोरखंडाची कुरकुर, दुसऱ्या बोटीचा भोंगा ऐकू यायला हवा, त्यावर जीव असतो. ज्याचा कान आधीच उतरलाय त्याला मफ घातल्यावर बोलणं आणखी कमी लागतं, म्हणून इंजिन आणि डेक यांच्यात हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. जाळं ओढताना खलाशी त्या अर्ध्या तरी आजही वापरतात. स्पीकरच्या भिंतीजवळ ज्यांना नाइलाजाने उभं राहावं लागतं, पोलीस, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, देवाची आरती धरलेला माणूस, त्यांनाही प्लगचं पाकीट हातात ठेवावं. शांतता समितीच्या पुढच्या बैठकीत बिस्किटांच्या ताटाशेजारी ते ठेवता येईल, आणि पहिली जोडी साहेबांनी सगळ्यांसमोर घालून दाखवावी.